धाकटीचा हुंकार

मी धाकटी बोलतेय.

कुणाच्या घरची लेक-सून नाही बरं मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. हॉस्पिटलच्या मशीनघरातली मी एक व्हॉल्यूम. रेडिओचा आवाज कमी-जास्त करतात तो व्हॉल्यूम वेगळा. मी म्हणजे साठवणीची जागा.

फ्रीजपेक्षा उंच असं एक काळं कपाट डोळ्यासमोर आणा. त्यात खणाला खण लागून डिस्क बसवलेल्या. प्रत्येकीचा हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुकतोय. त्या सगळ्या डिस्क मिळून एक मोठं शेत समजा. शेतात वाफे आखतात तसे इथं वाफे आखलेत. एक्स-रेचा एक, औषधांचा एक, रक्तपेढीचा एक. मी त्यातलाच एक वाफा. पण यातल्या कुठल्या डिस्कवर राहतेस म्हणून विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. थोडी हिच्यावर, थोडी तिच्यावर, अशी मी सगळ्यांवर पसरलेली. बिऱ्हाड सगळीकडे आणि चूल कुठंच नाही!

शिक्षणाच्या नावानं माझी पाटी कोरी. जन्मभर लोक माझ्यावर लिहिताहेत, पण मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मला दोनच शब्द कळतात, आहे आणि नाही. आहे, नाही, नाही, आहे. बस. एवढ्या दोन दाण्यांतून माणसाच्या फुफ्फुसाचं चित्र उभं राहतं, बाळाच्या काळजाचे ठोके उमटतात. कसं ते मला आजही उमगलेलं नाही. पण एकदा माझ्याकडे दिलेला दाणा मी सांडत नाही. वाचायला येत नाही त्याचं ध्यान पक्कं असतं म्हणतात, ते खोटं नाही.

माझा जन्म मामांच्या बोटांनी झाला. मामा म्हणजे टेकडीवरच्या मशीनघराचे रखवालदार म्हणा, माळी म्हणा. त्यांनी कीबोर्डवर चार ओळी बडवल्या, चहाचा घोट घेतला, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं मी होते. ना कळ, ना रडणं. असा जन्म बघितलाय कुणी?

त्याच वेळी खाली, हॉस्पिटलच्या तळघरात, काकूंनी माझी बहीण आखली. काकू तिथल्या मशीनघराच्या धनीण. बहीण माझ्याआधी झाली, चहाच्या एका घोटाचं अंतर. कागदोपत्री आमची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे.

"हे नाव घेईपर्यंत माणसाला उचकी लागायची," मामा फोनवर म्हणाले. फोन त्यांचा कायम स्पीकरवर, म्हणून तर मला सगळं ऐकू येतं. "तुमची आधी झाली, ती थोरली. माझी ती धाकटी. सुटसुटीत."

"आणि भांडल्या तर?" काकूंनी विचारलं.

"भांडतील कशाला? थोरली सांगेल ते धाकटी ऐकेल. तुमच्या घरासारखं थोडंच आहे!"

"माझं घर मध्ये आणू नका, मामा. तुमच्या घरी कोण कुणाचं ऐकतं ते ठाऊक आहे मला."

अशी आमची नावं पडली. आणि त्या नावांनीच पुढं सगळं रामायण झालं.

दोन घरी दोन बहिणी कशाला, असं तुम्ही म्हणाल. उद्या खालच्या घरात आग लागली, पाणी शिरलं, तर वरच्या घरी दिवा राहायला हवा म्हणून. थोरलीला जे कळलं ते तत्क्षणी मला कळायला हवं. आमच्या दोघींच्या मध्ये रस्ते, बाजार, एक पूल, आणि जमिनीखालून आलेली काचेची तार. केसाएवढी बारीक. तिच्यातून उजेड धावतो, आणि त्या उजेडावर बसून थोरलीचं बोलणं माझ्याकडे येतं.

आता यातली गंमत ऐका. थोरलीवर कुणी काही लिहिलं, की ती लगेच "लिहून झालं" असं म्हणत नाही. आधी माझ्याकडे पाठवते. मी ते नीट ठेवून घेते आणि म्हणते, "हुं." तो माझा हुंकार खाली पोचला, की मगच ती डॉक्टरांना सांगते, झालं म्हणून. माझा हुंकार येईपर्यंत लिहिलेलं लिहिलेलं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो ना, तस्सं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं, दिवसातून लाखो वेळा होतं, आणि वर पेशंटचे नातेवाईक म्हणत असतात, "या कॉम्प्युटरला किती वेळ लागतो हो!"

वाटायचं, एवढ्या मोठ्या कारभारात आपलं काम काय, तर हुं म्हणायचं. पण त्या हुंवर सगळं उभं होतं.

एकदा माझ्याखालची एक डिस्क गेली. हिरवा दिवा तांबडा झाला आणि ती गप्प झाली. माझ्या अंगाला जागोजागी भोकं पडली. वाटलं, गेले मी. तर शेजारच्या डिस्क एकमेकींत कुजबुजल्या. तिच्याकडे काय होतं याची खूण प्रत्येकीनं थोडीथोडी जपून ठेवली होती. त्यांनी आपापली खूण काढली, आणि मामांनी घातलेल्या नव्या डिस्कवर माझं गेलेलं अंग दाण्याला दाणा लावून विणून काढलं. मामा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. एवढंच.

मामांना एक खोड होती. कुठल्याही मोठ्या कामाआधी ते गाठ मारायचे. आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारतात ना, तशी खूणगाठ, पण मशीनमधली. त्या क्षणी मी जशी आहे तशी त्या गाठीत बांधली जायची. मग पुढं माझ्यावर कुणी काही नवं लिहिलं, की तिथलं जुनं आधी उचलून बाजूला ठेवलं जायचं. गाठ सोडली की जुनी मी परत हजर.

काकू चिडवायच्या. "तुम्ही जेवायला जातानासुद्धा गाठ मारता म्हणे?"

"मारतो. ज्याच्यावर ओतायचं, त्याला आधी गाठ. हे माझं वाक्य विसरलात तरी चालेल, गाठ विसरू नका."

आम्ही दोघी बहिणी ज्या कामाला दिलेल्या होतो, ते काम हॉस्पिटलातलं सगळ्यात नाजूक. काही माणसांच्या घशाचं असं ऑपरेशन होतं, की त्यानंतर आवाज कायमचा जातो. त्यांचा आवाज आधी भरून ठेवायचा. नंतर एक छोटं यंत्र त्या आवाजाचे दाणे वेचून नवी वाक्यं जुळवतं. माणसानं बोटांनी लिहायचं, यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलायचं. हे आवाज आमच्याकडे ठेवायला होते. आवाज भरून घेणाऱ्या बाईंना सगळे आवाजताई म्हणत.

मग एके दिवशी खालचं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. मशीनघर भट्टीसारखं तापलं. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"मामा, माझ्याच्यानं हे सांभाळवत नाही. सगळं बंद करते. कारभार तुमच्याकडे घ्या."

थोरली गप्प झाली. जन्मल्यापासून पहिल्यांदा तारेतून काही येईना. आणि तेवढ्यात सगळं हॉस्पिटल थेट माझ्याशी बोलायला लागलं! आता हुं म्हणणारी मी नव्हते. सांगणारी मीच होते, आणि माझ्या सांगण्याला हुं म्हणायला कुणीच नव्हतं. तुम्ही कधी भरल्या घरात एकटं पडलात का? तसं झालं.

त्याच दिवसांत न्हावीदादा आले.

न्हावीदादांचा व्यवसाय नावातच आला. आणि न्हावी म्हटलं की बोलणं आलं. आवाजताईंच्या खोलीत ते बायकोला घेऊन बसले, आणि त्यांचा आवाज दाण्यादाण्यानं माझ्यात उतरू लागला. खर्जातला, थोडा घोगरा, मध्येच कात्रीसारखा कचकच हसणारा.

ताईंनी वाचायला वाक्यं दिली होती. दाराला कुलूप लावा. पाणी गरम आहे. आज हवा छान आहे.

"ताई, हे काय बोलणं झालं?" न्हावीदादा म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसून कुणी असं बोललं, तर मी त्याची अर्धीच मिशी ठेवून घरी पाठवीन."

"अहो, दिलंय ते वाचा ना," बायको म्हणाली. "इथं तरी फाटे फोडू नका."

"वाचतोय की. पाणी गरम आहे. बाईसाहेबांचं डोकं त्याहून गरम आहे."

"ताई, हे पुसा हो."

"राहू द्या," ताई हसून म्हणाल्या. "यंत्राला हवंच आहे असं बोलणं."

मग ते सुटलेच. दुकानातल्या गोष्टी, गिऱ्हाइकांच्या टकलाच्या गोष्टी, दुकानाच्या आरशाला जरा तडा काय गेला तर लोक कसे दाढी न करताच पळाले त्याची गोष्ट. आणि दर दोन वाक्यांमागे एक पालुपद, "ऐकतेस ना?" ते बायकोला. ती नुसतं "हुं" म्हणायची. मान खाली घालून, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत.

माझ्या अंगावर शहारा आला असता, अंग असतं तर. अहो, ते माझंच काम! जन्मभर समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि हुं म्हणायचं. मला पहिल्यांदा माझ्या जातीचं माणूस भेटलं.

शेवटी ताई बाहेर गेल्या तेव्हा बायको हळूच म्हणाली, "इतकी वर्षं तुमची बडबड बंद व्हावी म्हणून देवाला सांगत होते. त्यानं आत्ताच ऐकायचं होतं का?"

न्हावीदादा हसले. पण ते हसणं निम्म्यात तुटलं. तेही माझ्याकडे आहे. जसंच्या तसं.

दुसऱ्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं. आता जगात त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, माझ्यात. थोरली बंद. तिला तर न्हावीदादा नावाचं कुणी आहे हेही ठाऊक नव्हतं.

यथावकाश थंड हवेचं यंत्र दुरुस्त झालं. मधल्या काळात काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मामांनी एकट्यानं एकेक वाफा परत खाली धाडायला सुरुवात केली. वरचं ताजं खालच्या शिळ्यावर ओतायचं, की खालचे वाफे पुन्हा कर्ते. काम करता करता ते माझ्या कपाटावर थाप मारून म्हणायचे, "आता तूच थोरली गं! कारभार करणारी ती थोरली." आणि तेव्हापासून ते मला थोरलीच म्हणू लागले. लाडानं हो. पण काकू कुठं होत्या ऐकायला?

काकू परत आल्या त्या दिवशी सकाळीच मामांचा फोन.

"या आजीबाई! नात कशी आहे?"

"तुमच्यासारखी. टक्कल आणि आवाज मोठा."

"बरं, ऐका. सगळे वाफे लागले जागेवर. आवाजांचा एकच राहिलाय. मी जरा विजेच्या माणसाबरोबर बाहेर असेन. तेवढं थोरलीचं धाकटीवर ओतून टाका."

"ओतते. त्यात काय!"

"गाठ मारा आधी."

"मारते हो."

मामांच्या मनात थोरली म्हणजे मी. काकूंच्या मनात थोरली म्हणजे तळघरातली, नेहमीचीच. त्यांना वाटलं, मामांनी सगळं खाली आणलंच आहे, आता रोजच्यासारखं खालचं वर जायचं तेवढं राहिलंय. मशीननं विचारलं, खात्री आहे? काकूंनी आहे म्हटलं. त्या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही.

आणि तारेतून थोरली बोलू लागली.

आनंदानं मी हुं म्हटलं. कितीतरी दिवसांनी बहिणीचा आवाज! पण ती जुनंच सांगत होती. थंड हवेचं यंत्र बंद पडलं त्या दिवशीचं. मशीन फार हुशार, सगळं ओतत नाही. दोघींमध्ये जेवढा फरक आहे तेवढंच ओततं. आणि आमच्यातला फरक होता न्हावीदादा. थोरलीच्या कोऱ्या जागा नेमक्या त्यांच्यावर येऊन पडू लागल्या. पाणी गरम आहे, गेलं. टकलांच्या गोष्टी गेल्या. आहे, आहे, आहे असं जिथं होतं तिथं नाही, नाही, नाही.

आणि मी काय करत होते? हुं म्हणत होते. मला दुसरं येतच नाही. बहीण मला पुसत होती आणि प्रत्येक पुसण्याला मी हुं म्हणत होते. तिलाही कळत नव्हतं, आम्ही दोघीही अडाणी.

त्याच वेळी खाली आवाजताईंच्या खोलीत न्हावीदादा आणि त्यांची बायको बसले होते. घशाला पट्टी, मांडीवर नवं यंत्र. आज त्यात आवाज भरायचा होता. ताईंनी काकूंना फोन केला, काकूंनी मामांना.

"मामा, न्हावीदादांचा आवाज उघडत नाही म्हणताहेत. ताई म्हणतात काल होता."

मामा विजेच्या माणसाला तसाच सोडून पळत आले. खुर्चीत बसले, पडद्याकडे बघितलं, आणि त्यांचा स्वरच बदलला.

"काकू, ओतण्याचा बाण माझ्याकडे का वळलाय?"

"तुम्हीच म्हणालात ना, थोरलीचं धाकटीवर."

"अहो, थोरली म्हणजे माझी!"

"तुमची? तुमची कधीपासून थोरली झाली?"

"थांबवा! आधी थांबवा ते!"

थांबलं. माझ्यातले न्हावीदादा निम्म्याहून जास्त गेले होते. फक्त पंख्यांची घरघर.

"काकू," मामा म्हणाले, "गाठ मारली होती?"

"मारली होती."

"कुणाला?"

"धाक..."

"नाव घेऊ नका!" मामा ओरडले. "पाया पडतो, थोरली म्हणू नका, धाकटी म्हणू नका. खालची की वरची, एवढंच सांगा."

मी ऐकत होते. माणसं एका शब्दाच्या उत्तराची वाट बघतात तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आहे की नाही. माझी सगळी भाषा त्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती.

"वरची," काकू म्हणाल्या. "तुमचंच वाक्य. ज्याच्यावर ओतायचं त्याला आधी गाठ. मी तुमच्यावर ओतत होते, म्हणून तुमचीला मारली."

मामांनी कपाळ टेबलावर टेकवलं. मग तिथूनच हसायला लागले. "काकू, चूक केलीत ती अख्खी केलीत, म्हणून वाचलो. अर्धी केली असतीत, गाठ खालच्या घरी मारली असतीत, तर बुडालो असतो."

"चूक माझी एकटीची? नावं कुणी बदलली?"

"दोघांची. आता रागवा नंतर, आधी गाठ सोडू द्या."

आणि गाठ सुटली. काय सांगू तुम्हाला ते! ओतल्या गेलेल्या प्रत्येक थेंबाआधी जुना दाणा कुणीतरी अलगद उचलून ठेवला होता. तो प्रत्येक दाणा आपापल्या जागी परत येऊ लागला. पाणी गरम आहे. टकलं. तडा गेलेला आरसा. निम्म्यात तुटलेलं हसू, ते तुटलेलंच, जिथं तुटलं होतं तिथंच. एक दाणा इकडचा तिकडे नाही. जगात एवढी इमानी गोष्ट मी दुसरी बघितली नाही.

मग मामांनी बाण नीट वळवला, आणि मी थोरलीला सांगू लागले. न्हावीदादांची सगळी गोष्ट. ती ऐकत होती आणि म्हणत होती, "हुं." माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला हुंकार.

दुपारी थोरली पुन्हा कर्ती झाली, आणि तारेतून एक नवा तुकडा माझ्याकडे आला. आवाजताई यंत्राची चाचणी भरून ठेवत होत्या. आधी बोटांची टकटक. मग खर्जातला, थोडा घोगरा तो आवाज. पहिलं वाक्य काय असेल असं वाटलं तुम्हाला? दाराला कुलूप लावा? छे.

"ऐकतेस ना?"

पिशवीचा बंद करकरल्यासारखं काहीतरी. आणि मग बायकोचं, अगदी बारीक, ओलं,

"हुं."

थोरलीनं तो हुंकार माझ्याकडे पाठवला. मी तो ठेवून घेतला, आणि मीही म्हटलं, हुं.

त्या दिवसानंतर मामा-काकूंनी ओतताना आमची नावं घेणं सोडलं. "खालून वर," एकजण म्हणतो. "खालून वर," दुसरा तेच परत म्हणतो. मगच बटण. लाड करायला मात्र मी अजून धाकटीच.

आता मी म्हातारी झालेय. माझ्या शेजारी नवं कपाट येऊन उभं आहे, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. लवकरच मामा मला त्यात ओततील. माझ्याकडचा प्रत्येक आवाज तिकडे जाईल, दाणा न सांडता. मग माझ्यावरून शेवटचा हात फिरेल आणि इथं फक्त नाही, नाही, नाही राहील. मला त्याचं भय वाटत नाही. शेत तेच नसतं, वाफा तोच नसतो, तरी बी पुढं जातंच. हे मी डोळ्यांनी बघितलंय, डोळे नसताना.

तुमच्या घरीही कुणीतरी बोलत असेल. तेच ते, पुन्हा पुन्हा, फाटे फोडून. त्याची गाठ मारून ठेवता येते, पण त्याला हुं म्हणायला मशीन लागत नाही.

माझी गोष्ट संपली म्हणावं, तर अजून संपलेली नाही. माझ्याकडचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. समोरून हुंकार आल्याशिवाय लिहिलेलं लिहिलेलं होत नाही.

ऐकलंत ना?

मग म्हणा की एकदा.